पस्तीस तासांची गोधडी

माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी अर्धवट गोधडी नाही, असे मराठी घर निदान आमच्या भोईवाड्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. आता ट्रंक गेली असेल, तिच्या जागी पलंगाखालचा खण आला असेल, पण जुन्या साडीत बांधलेले ते गाठोडे असतेच. चारी कडा शिवून झालेल्या, मधला भाग नुसत्या कच्च्या टाक्यांवर तगलेला आणि कुठल्या तरी ओळीत सुई तशीच खोचलेली. विचारले तर घरातली बाई ओशाळते. "काय करणार, वेळच होत नाही," म्हणते आणि गाठोडे पुन्हा आत ढकलते. बँकेत अडतीस वर्षे काढल्यामुळे मला ही गाठोडी थकीत खात्यांसारखी दिसतात. नव्वद दिवस हप्ता आला नाही की खाते अनुत्पादक धरायचे, असा नियम आमच्याकडे २००४ पासून होता. तो लावायचा म्हटला तर परळ-लालबागच्या निम्म्या गोधड्या बुडीत खाती जमा कराव्या लागतील.

पण थकीत खाते हाती आले की चांगला अधिकारी लगेच कर्जदाराच्या नावाने बोटे मोडत नाही. आधी हिशेब मांडतो. तो मी एकदा मांडून पाहिला.

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी साधी गोधडी घ्या. अर्ध्या इंचावर एक ओळ धरली तर रुंदीत ९६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ ७२ इंच, म्हणजे एकूण शिवण ६,९१२ इंच. इंचाला तीन टाके धरले तर २०,७३६ टाके. (माझी आई ओळी घालत नसे, कडेपासून आत चौकोनात चौकोन शिवत जाई; पण लांबीचा हिशेब जवळपास तोच.) हात बसलेली बाई चार-पाच थरांतून मिनिटाला दहा टाके सहज घालते. भागाकार करा. साडेचौतीस तास येतात. पस्तीस म्हणा. बँकेतल्या कारकुनाचा हा जेमतेम एक आठवडा.

मग आईची एकेक गोधडी दोन-दोन, तीन-तीन वर्षे का चालायची?

भोईवाडा ही नावावरून पालख्या वाहणाऱ्या भोयांची वाडी. माझ्या लहानपणी मात्र ती गिरणीवाल्यांची आणि इस्पितळांची होती. आमची खोली दहा बाय बारा. बाबा एका गिरणीत साचेखात्यात, धाकटे काका दुसऱ्या गिरणीत त्रासन खात्यात आणि गावाकडून आलेले दोन पाहुणे मिळेल तिथे बदली. गिरणीच्या तीन पाळ्या. पहिली सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी मध्यरात्रीची. त्यामुळे आमच्या खोलीत चोवीस तासांत असा एकही तास नव्हता की कोणी तरी झोपलेले नाही. आता गोधडी अशी वस्तू आहे की ती बेतायला जमीन लागते. नऊवारी लुगडे सत्तावीस फूट. त्याचे सहा-सहा फुटांचे चार थर पडतात आणि तीन फुटांचा तुकडा उरतो, तो ठिगळांना कामी येतो. हे थर एकावर एक, सुरकुती न पडता अंथरून कच्चे टाके घालायचे तर चोवीस चौरस फूट मोकळी जमीन हवी. ती आमच्याकडे फक्त पाण्याच्या वेळेला मोकळी होई, आणि तेव्हा आई नळावर रांगेत असे. म्हणून गोधडी घालायची ती गच्चीवर, दुपारी, शेजारणींच्या मदतीने. एकदा कच्चे टाके पडले की मात्र ती कुठेही जाऊ शकते. घडी करून मांडीवर घेता येते, गॅलरीत, जिन्यात, रेशनच्या रांगेतसुद्धा.

गोधडीचा धावदोरा हा किती शहाणपणाने निवडलेला टाका आहे, हे मला फार उशिरा कळले. विणकामात टाके मोजावे लागतात, मध्येच उठले की मोजणी चुकते. भरतकामाला नक्षी डोक्यात ठेवावी लागते. धावदोरा कुठेही सोडा, कुठूनही उचला. घरातल्या हाका गृहीत धरूनच तो बेतलेला आहे. आईची एक पद्धत होती. उठताना ती सुई कधी रिकामी ठेवत नसे. नवा दोरा ओवून, पुढच्या ओळीतले चार टाके घालून मगच उठायची. पुन्हा बसायला मिळेल तेव्हा सुई शोधणे, दोरा ओवणे, कुठवर आलो ते पाहणे यात पाच मिनिटे जायला नकोत. कारण बसायलाच पाच मिनिटे मिळायची.

म्हणून आईची गोधडी वाचता येते. दोरा संपला की हाती लागेल तो दुसरा घ्यायचा. त्यामुळे पांढरा एकदम लाल होतो, लालाचा काळा होतो. एका कोपऱ्यात टाके बोटभर लांब झाले आहेत. तिथे, आई सांगायची, माझ्या भावाला गोवर निघाला होता आणि ती रात्री त्याच्या उशाशी बसून अंधारात शिवत होती.

अपवाद फक्त दुपट्यांचा. चाळीत कोणाचे दिवस राहिले की दुपटे शिवायला घ्यायचे आणि ते कधीच मागे राहत नसे. वाडिया प्रसूतिगृह, के.ई.एम., दोन्ही १९२६ पासून इथली; दोन्ही हाकेच्या अंतरावर. तारीख ठरलेली आणि काम मोठ्या गोधडीच्या पावपट. दुपट्याला मालक असतो, तो येणार असतो. मोठी गोधडी कुणा एकाची नसते, सगळ्या घराची असते. सगळ्या घराच्या कामाला मात्र घरातले कोणीच घाई करत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी मी बँकेत लागले आणि पहिल्या पगारापासून घर माझ्यावर आले. तो पुरत नव्हता म्हणून आई दादरला हिंदू कॉलनीत चार घरच्या पोळ्या लाटायला जाऊ लागली. बाबा घरी. सुरुवातीला सभा, मोर्चे होते. पावसाळ्यापर्यंत तेही विरळ झाले. साच्यावर वीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाचे हात नुसते मांडीवर पडून होते. एके दिवशी त्यांनी माळ्यावरून आईची गोधडी काढली. दार लोटून घ्यायचे, म्हणजे गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही, आणि शिवायला बसायचे. कापड त्यांना कळत होतेच. ओळी अशा सरळ की जणू साच्यावरून उतरल्या आहेत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत दोरा एकच, पांढरा. एकवीस दिवसांत गोधडी पुरी झाली.

चाळीत बोभाटा व्हायचा तो झालाच. पुरुष हसले, बायका कौतुकाने पाहून गेल्या. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "बघ गं, तुला दोन वर्षांत जमलं नाही ते ह्यांनी तीन आठवड्यांत केलं!" आई पोळ्या लाटून नुकतीच आली होती. ती गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, "टाका छान आहे." आणि थोड्या वेळाने, "ताट समोर येत होतं ना."

बाबांना यात काही लागले असे मला वाटत नाही. ते स्वतःच नंतर म्हणायचे की एकदा बसलो की उठायचे कारणच नव्हते. इतिहासातही सलग वेळ मिळालेल्या शिवणाऱ्या बायका शोधायला गेले तर विचित्र जागी सापडतात. १८४१ मध्ये 'राजा' नावाच्या जहाजातून इंग्लंडने सुमारे १८० स्त्री कैदी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानियाला पाठवल्या. एलिझाबेथ फ्राय या समाजसेविकेच्या मंडळींनी त्यांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे बरोबर दिले होते. एप्रिलमध्ये निघालेले जहाज जुलैत होबार्टला लागले तेव्हा २,८१५ तुकड्यांची एक भली मोठी गोधडी पुरी झालेली होती. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. साडेतीन महिन्यांत ती संपली, कारण त्या बायकांना स्वयंपाक, पाहुणे, मुलांचे अभ्यास यांतले काही नव्हते. मी टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या पदपथावरही रुग्णांबरोबर आलेल्या बायका शिवताना पाहिल्या आहेत. कोणाच्या मांडीवर आपली वाकळ, कोणाकडे बंगालची कांथा. वाट पाहण्याच्या त्या तासांवर घरचे कोणी हक्क सांगत नाही.

आता याची दुसरी बाजू. मी ३१ मार्च २०२० ला निवृत्त झाले. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ काही नाही, शाखेची किल्ली दिली आणि पोलिसांना ओळखपत्र दाखवत घरी आले. आई २००९ मध्ये गेली तेव्हा तिची एक गोधडी अर्धी शिवायची राहिली होती. ती माझ्याकडे होती. मैत्रिणींचे फोन यायचे, "आता काय, वेळच वेळ! गोधडी पुरी करून टाक." त्या अडीच महिन्यांत मी एक ओळही शिवली नाही. घरात आम्ही तिघे, आमचे हे, मुलगा आणि मी. तिघेही चोवीस तास घरात, म्हणजे दोन चहा, नाश्ता, दोन जेवणे, आणि मध्ये "काही आहे का खायला?" गिरणी बंद झाली तेव्हा बाबांचे काम थांबले होते. टाळेबंदीत माझे दुपटीने वाढले. टाळेबंदी संपेपर्यंत मैत्रिणींना वाटत होते तो वेळ मला तरी कुठे सापडला नाही.

कोणी विचारील, कादंबऱ्या लिहायला बरा वेळ मिळाला? मिळाला, पहाटे चार ते सहा. कादंबरीला टेबल पुरते, सोफा सरकवावा लागत नाही. शिवाय पहिले पुस्तक छापून आल्यावर घरातले लोक त्या वेळी हाका मारीनासे झाले. छापून येते त्याला काम म्हणतात. गोधडी अंगावर घेतात, तिला काम म्हणायचे कुणाच्या मनात येत नाही.

आता गोधडीची गरजही तशी राहिलेली नाही. सोलापुरी चादरी आहेत, दुकानात हलकी पांघरुणे ढिगाने मिळतात. पैसे दिले तर अर्धवट गोधडी मशीनवर दोन-तीन तासांत पुरी करून देणारे आहेत, आणि ज्या बाईचे हात दुखतात तिने खुशाल तसे करावे. त्यात आईचा वगैरे अपमान मला दिसत नाही. माझ्याही मनात ते होते. पण मुलाचे लग्न झाले, आणि सून आली ती परिचारिका. जवळच्याच रुग्णालयात तीन पाळ्यांची नोकरी. घरात पुन्हा पाळ्या आल्या. नातू झाल्यावर एकदा तिनेच गाठोडे सोडले. गंजलेली सुई पाहून म्हणाली, "आई, हे टिटॅनसचं काम आहे!" मग दोऱ्यांचे बदललेले रंग पाहत बराच वेळ बसली. रुग्णांच्या तक्त्यावर पाळी बदलली की शाई बदलते, तसे आहे म्हणाली.

आम्ही ठरवले ते असे. तिची साप्ताहिक सुट्टी ज्या वारी येईल त्या दिवशी दुपारी दोन ते चार गोधडी. त्या दोन तासांत नातू, स्वयंपाकघर, दार, फोन हे सगळे पुरुषांकडे. मुलगा घरी नसेल तर एकट्या ह्यांच्याकडे. सोफा भिंतीला, जमीन मोकळी. सुई नवी आणली आहे, उठताना ती ओवून ठेवतो. पहिल्या महिन्यात दोन तासांचा प्रत्यक्षात पाऊण तास हाती येई. मी वहीत लिहून ठेवते, जुनी सवय. आता पावणेदोन येतो. शिल्लक होती सतरा-अठरा तासांची शिवण. दोघींच्या हातांत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊ. बाकी आता मध्यभागी वीतभर चौकोन आहे.

तो मिटवण्याआधी आत तांदळाचे चार दाणे ठेवायचे. साताऱ्याकडच्या एक आजी आमच्या चाळीत होत्या, त्यांनी आईला सांगितले होते, "वाकळ उपाशी ठिवू नये बाई." आई प्रत्येक गोधडीत ठेवायची. बाबांनी शिवली तिच्यात राहिले होते. मग आईने मध्यावरचे टाके उसवून दाणे घातले आणि पुन्हा शिवले. त्या पांढऱ्या गोधडीत तेवढाच दोरा निळा आहे.

गेल्या खेपेला आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. साडेतीनला आतून ह्यांचा आवाज आला, "चहाची पूड कुठल्या डब्यात असते?" या घरात आम्ही दोघे चाळीस वर्षे चहा पितो आहोत. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून ओळ पुढे नेली, तिनेही नेली. आत डबे उघडल्याचे, झाकणे पडल्याचे बरेच आवाज झाले. नातवाला ते फार आवडले असावे, तो हसत होता. चहा आला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटे होती. साखर जरा जास्त पडली होती.