‘मास इफेक्ट’मधले मेलेले परत येतील का?

आधीच सांगून ठेवतो, पुढे तिन्ही भागांचे स्पॉयलर आहेत. गेम खेळायचा बाकी असेल तर आधी खेळून या, लेख कुठे पळून जात नाही.

७ नोव्हेंबर २०२० ला बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीने नवा ‘मास इफेक्ट’ बनतोय असं जाहीर केलं आणि डिसेंबरमध्ये छोटासा टीझर आला. त्यात वय झालेली लियारा बर्फाळ चढ चढते, मलब्यातून चिलखताचा एक तुकडा उचलते, त्यावर ‘एन-७’ची खूण असते, आणि ती हसते. बस, एवढंच. पण ही खूण कमांडर शेपर्डच्या चिलखतावरची. तेव्हापासून आमच्या जळगावच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: “काय भो, शेपर्ड जिवंत आहे का?”

नवख्यांसाठी थोडक्यात. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन गेम, तिन्हींचा नायक किंवा नायिका शेपर्ड. खासियत अशी की पहिल्या भागात घेतलेले निर्णय सेव्ह फाइलमधून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात जातात. कोण जगलं, कोण मेलं, हेसुद्धा.

आता गेममध्ये ‘मरणं’ म्हणजे नक्की काय? फाइलमध्ये त्या पात्राच्या नावावर एक छोटी नोंद असते. १ असेल तर जिवंत, ० असेल तर मेलं. आम्ही प्रोग्रॅमर याला फ्लॅग म्हणतो. पुढचा प्रसंग सुरू होताना गेम तो फ्लॅग वाचतो आणि पात्र दाखवायचं की नाही ते ठरवतो. म्हणजे मेलेल्याला उठवायचं तर ० चा १ करायचा. चाहत्यांनी त्यासाठी सेव्ह एडिटर बनवलेत, घरबसल्या हेच करतात लोक. काहींनी तर तिसऱ्या भागाचा शेवटच बदलणारा ‘हॅपी एंडिंग मॉड’ बनवला.

मग कंपनीला एवढं काय जड जातं? तर फाइल एक नाही, लाखो आहेत.

माझं आणि माझ्या धुळ्याच्या मित्राचं उदाहरण घ्या. पहिल्या भागात वर्मायर नावाच्या ग्रहावर अॅशली किंवा केडन, दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. मी अॅशलीला वाचवलं, त्याने केडनला. तिथेच रेक्स नावाचा क्रोगन योद्धा बिथरतो. त्याला समजावलं तर तो राहतो, नाहीतर गोळी खातो. माझा रेक्स जिवंत आहे, धुळ्याचा रेक्स मेला. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेत तर टीममधलं कुणीही मरू शकतं. डीएलसी धरून टीम १२ जणांची. प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे दोनचा बारावा घात: ४,०९६. त्यातून दोनपेक्षा कमी लोक वाचले तर शेपर्डही मरतो आणि ती फाइल तिसऱ्या भागात चालतच नाही. हे १३ प्रकार वजा केले तरी कागदावर ४,०८३ उरतात.

इतक्या कथा कोण लिहिणार? म्हणून लेखकांनी खुर्ची तशीच ठेवली आणि तिच्यावरचा माणूस बदलला. रेक्स मेला असेल तर त्याच्या जागी त्याचा भाऊबंद रीव्ह. मॉर्डिन गेला असेल तर पॅडॉक विक्स. लीजन नसेल तर त्याच्यासारखाच दिसणारा एक गेथ प्रोग्रॅम. कथा पुढे सरकते, पण प्रत्येक बदली माणसाचे संवाद वेगळे लिहावे लागतात, वेगळे रेकॉर्ड करावे लागतात. म्हणून जो मेलेला असू शकतो त्याचं काम पुढच्या भागात कमी होतं. दुसऱ्या भागातली बहुतेक टीम तिसऱ्यात पाहुण्यासारखी का येते, त्याचं उत्तर इथे आहे. टीममध्ये कायम परतले ते फक्त गॅरस आणि टाली.

हे लक्षात घेतलं की टीझरमध्ये लियाराच का, हे कळतं. शेवटच्या लढाईपर्यंत ती कुणाच्याच फाइलमध्ये मेलेली नसते. शिवाय तिची असारी जमात हजारेक वर्षं जगते. लेखकांसाठी याहून सोयीचं पात्र नाही.

आता शेपर्डकडे येऊ. तो एकदा मरून परत आलेलाच आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच त्याचं जहाज फुटतं, तो अवकाशात फेकला जातो आणि ‘लाझरस’ प्रकल्पात दोन वर्षं खपून त्याला पुन्हा उभा करतात. ते आपण चालवून का घेतलं? माझ्या मते, कारण ते मरण खेळाडूने निवडलेलं नव्हतं. जळगाव असो वा धुळे, सगळ्यांच्या फाइलमध्ये ते सारखंच घडलं. तिसऱ्या भागाचा शेवट मात्र आपण स्वतः निवडतो: यंत्रांचा नाश, त्यांच्यावर ताबा, की यंत्र-माणूस एकरूप. नकाराचा चौथा शेवट जून २०१२ मध्ये नंतर जोडला. यातल्या फक्त ‘नाश’ निवडीत, तेही लढाईची तयारी भरपूर असेल तरच, शेवटी ढिगाऱ्यात एन-७ चिलखतातली छाती श्वास घेताना दिसते. चेहरा दाखवत नाहीत.

हे सरळसरळ ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. धर्मराज खोटं बोलला नाही, पण मेला तो हत्ती. खरा अश्वत्थामा आपल्याकडे अजून जिवंतच समजतात. सातपुड्यात अस्तंब्याला दिवाळीत त्याच्या यात्रेला लोक डोंगर चढून जातात. हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. लेखकांनी शेपर्डसाठी अशीच एक फट मुद्दाम ठेवली. त्यामुळे तो परत आला तर फसवणूक वाटणार नाही. पण ज्याने ‘एकरूप’ निवडलं त्याच्या शेपर्डचं शरीरच उरलेलं नाही, त्याचं काय करणार?

फाइल धाब्यावर बसवली की काय होतं, ते याच कंपनीने दाखवलंय. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) लेलियानाला स्वतःच्या हाताने मारता येतं. तरीही ती पुढच्या दोन्ही भागांत ठणठणीत हजर. ‘मग मी मारलं ते कोणाला?’ असं खेळाडूंनी विचारणं साहजिकच होतं.

लीजनबद्दल लोक म्हणतात, तो तर सॉफ्टवेअर, बॅकअपमधून आणा. तो १,१८३ प्रोग्रॅम मिळून बनलेला आहे, हे खरं. पण कोड परत मिळणं वेगळं आणि चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत त्या क्षणी जे होतं ते परत मिळणं वेगळं. सर्व्हर बंद पडला की कोड रिपॉझिटरीतून पुन्हा टाकता येतो, मेमरीतलं गेलं ते गेलं. लीजन जाताना नुसती कॉपी पुरणार नाही म्हणतो आणि आयुष्यभर ‘आम्ही’ म्हणणारा तो शेवटी ‘मी’ म्हणतो. तो ‘मी’ कुठल्या बॅकअपमध्ये शोधणार?

आणि मॉर्डिन. त्याला अजिबात उठवू नये. बहुतेकांच्या गेममध्ये तो क्रोगनांचं औषध हवेत सोडायला टॉवरवर जातो आणि तिथेच मरतो. तो वाचण्याचा एक चिंचोळा रस्ता आहे, पण त्यासाठी रेक्स आणि ईव्ह दोघंही मेलेले असावे लागतात आणि ते औषध बुडवावं लागतं. उद्या तो सगळ्यांसाठी फुकटात जिवंत झाला, तर ज्याने एवढी किंमत मोजून त्याला वाचवलं त्याला काय सांगणार? तशीही सॅलरियन जमात चाळीसेक वर्षंच जगते. लियाराचं वय होईपर्यंत तो हयात असायचा नाहीच.

माझा अंदाज विचाराल तर, जुनी फाइल जशीच्या तशी वाचली जाणार नाही. २०२४ च्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ने मागच्या भागातले फक्त तीन निर्णय विचारले होते. इथेही तसेच चार-दोन प्रश्न येतील. शेवट कुठला निवडला हा त्यात असणारच. मी मात्र दुसऱ्या प्रश्नाची वाट बघतोय. क्रोगन हजार वर्षांहून जास्त जगू शकतात, म्हणजे माझा रेक्स तेव्हाही असायला हवा आणि धुळ्याच्या फाइलमध्ये त्या खुर्चीवर रीव्ह. ही खुर्ची दाखवतात की टाळतात, शेपर्डपेक्षा मला याचीच उत्सुकता जास्त आहे.