दुपदरी डीव्हीडी अर्ध्यावर का अडते? लेअर ब्रेकच्या चुका कशा शोधायच्या

आजचा विषय तसा लहान आहे. पण घरातल्या लग्नाच्या, नाटकाच्या, भाषणांच्या जुन्या कॅसेटी ज्यांनी डीव्हीडीवर उतरवायला घेतल्या आहेत, त्यांना तो कधी ना कधी भेटतोच. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. सेकंदाला ५ मेगाबिट या बऱ्यापैकी दर्जाने धरलं तर साधारण दोन तासांचं चित्रण झालं. नाटक तीन तासांचं असेल तर काय करायचं? मग आपण ८.५ जीबीची दुपदरी डिस्क आणतो, म्हणजे डीव्हीडी प्लस आर डीएल. आणि तिथे गंमत सुरू होते. बर्न पन्नास टक्क्यांवर थांबतं, किंवा पूर्ण होतं पण टीव्हीवर लावल्यावर दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच चित्र गोठतं.

ही डिस्क एकदाच लिहिता येते. बिघडली की टाकून द्यायची. पण खरा धोका त्यापुढचा आहे. "झालं एकदाचं डीव्हीडीवर" असं समजून आपण मूळ कॅसेट देऊन टाकतो, कॉम्प्युटरवरची फाइल पुसतो, आणि डिस्क अर्ध्यावर अडते हे दोन वर्षांनी कळतं. म्हणून ही चूक ओळखायची कशी, हे आज नीट बघू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. लेअर ब्रेकची चूक एक नसते, तीन असतात: आखणीतली, लिहितानाची आणि वाचतानाची. चूक कोणत्या वेळी दिसली, यावरून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. लोक काय करतात, तर तिन्हींवर एकच औषध देतात: वेग कमी करा आणि दुसरी डिस्क घाला. तीनपैकी दोन आजारांवर हे औषध चालत नाही.

डिस्कच्या आत काय होतं

दुपदरी डिस्कमध्ये एकावर एक दोन थर असतात. पहिल्याला लेअर शून्य म्हणतात, दुसऱ्याला लेअर एक. दोघांमधलं अंतर साधारण ५५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. पहिला थर अर्धपारदर्शक असतो. दुसऱ्या थरावर लिहायचं किंवा वाचायचं तर लेसरला पहिल्या थरातून आरपार जावं लागतं.

आता वाट कशी असते बघा. लेसर पहिल्या थरावर आतल्या कडेपासून बाहेर जातो. ठरलेल्या जागी थांबतो, फोकस बदलून दुसऱ्या थरावर जातो, आणि तिथून उलटा, बाहेरून आत येतो. बैल नांगर धरून शेताच्या टोकाला जातो आणि तिथूनच वळून परत येतो, तसं. हे वळण म्हणजे लेअर ब्रेक.

यातून एक नियम आपोआप निघतो. जिथपर्यंत बाहेर गेलात तिथूनच परत यायचं आहे, म्हणून परतीचा मजकूर जातानाच्या मजकुरापेक्षा जास्त असू शकत नाही. पहिला थर दुसऱ्याएवढा किंवा त्याहून मोठाच हवा. दुसऱ्या थरावर मजकूर कमी पडला तर उरलेली जागा रायटर रिकाम्या माहितीने भरतो. म्हणून शंभर टक्के झाल्यावरसुद्धा डिस्क "बंद" व्हायला कधी कधी बराच वेळ लागतो. ती अडकलेली नसते, मधेच बटण दाबू नका.

खिडकीचं गणित

डीव्हीडीवरची माहिती २,०४८ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतात. डीव्हीडी प्लस आर डीएलवर एकूण ४१,७३,८२४ सेक्टर असतात, म्हणजे एका थरावर जास्तीत जास्त २०,८६,९१२. (विंडोज हीच जागा सुमारे ७.९६ जीबी दाखवतं. डिस्कमध्ये खोट नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.)

समजा तुमचं चित्रण ३६ लाख सेक्टरचं आहे, म्हणजे सव्वातीन तासांच्या आसपास. पहिल्या थरावर किमान निम्मे, १८ लाख, गेलेच पाहिजेत. आणि २०,८६,९१२ पेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत. म्हणजे वळण या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी हवं. याला आपण खिडकी म्हणू. इथे खिडकी २,८६,९१२ सेक्टरची आहे. ५ मेगाबिटच्या दराने ती पंधरा मिनिटांहून थोडी जास्त भरते.

आता तेच चित्रण वाढवून ४१,५०,००० सेक्टरचं करा, डिस्क काठोकाठ भरली. निम्मे झाले २०,७५,०००. खिडकी उरली ११,९१२ सेक्टरची, म्हणजे जेमतेम ४० सेकंदांची! डिस्क जितकी जास्त भराल तितकी वळायची जागा कमी. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

वळण कुठेही चालत नाही

साध्या फाइली भरल्या असतील तर खिडकीत कुठेही वळलं तरी चालतं. व्हिडिओ डीव्हीडीचं तसं नाही. तिच्यातलं चित्रण "सेल" नावाच्या तुकड्यांत विभागलेलं असतं. आपण ज्याला चॅप्टर म्हणतो, तो एक किंवा अधिक सेलचा बनतो. वळणाबद्दल तीन अटी आहेत.

पहिली, वळण सेलच्या सुरुवातीलाच हवं. दुसरी, त्या जागेचा सेक्टर क्रमांक १६ ने भाग जाणारा हवा, कारण चुका दुरुस्त करण्यासाठी डीव्हीडी १६ सेक्टरचा एक गठ्ठा धरून चालते. तिसरी, त्या सेलवर "इथे सलग वाजवू नको" अशी खूण हवी. ती खूण बघून प्लेअर क्षणभर थांबतो, फोकस बदलतो आणि पुढे जातो. खूण नसेल तर तो सलग वाजवायला जातो आणि अडखळतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. व्हिडिओच्या फोल्डरमध्ये १ जीबीच्या व्हीओबी फाइली दिसतात, आणि लोकांना वाटतं की एक फाइल संपली तिथे वळण द्यायचं. तसं नाही. त्या फाइली फक्त आकारासाठी तोडलेल्या असतात, सेलशी त्यांचा संबंध नसतो.

पहिली चूक: आखणीतली

ही बर्न सुरू होण्याआधीच दिसते. प्रोग्राम सांगतो की लेअर ब्रेकसाठी योग्य जागा सापडत नाही. लोक डिस्क बदलतात, रायटर बदलतात. पण डिस्कला अजून लेसर लागलेलाच नसतो! दोष चित्रणाच्या मांडणीत आहे: खिडकीत एकही सेल सुरू होत नाही. दर पाच मिनिटांनी चॅप्टर असेल आणि खिडकी ४० सेकंदांची असेल, तर चॅप्टर नेमका त्या खिडकीत पडायची शक्यता साधारण आठांत एक.

उपाय दोन. एक, डीव्हीडी तयार करायच्या प्रोग्राममध्ये परत जा आणि खिडकीत बसेल असा एक चॅप्टर वाढवा. नाटक असेल तर मध्यंतराची जागा उत्तम, पडदा पडलेला असतो. दोन, चित्रणाचा दर थोडा कमी करून एकूण आकार घटवा, खिडकी आपोआप रुंद होईल.

या चुकीचं एक फसवं रूप आहे. साधा, फाइली लिहिणारा प्रोग्राम वापरलात तर तो तक्रारच करत नाही. बरोबर मध्यावर, सेल बघितल्याशिवाय, वळण देऊन टाकतो. बर्न यशस्वी, तपासणीही यशस्वी, आणि टीव्हीवर मात्र गोठतं. म्हणून व्हिडिओसाठी सेल वाचणारा प्रोग्राम घ्या. इमगबर्न हा मोफत प्रोग्राम हे काम करतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, पण या कामाला पुरते. खिडकीत बसणाऱ्या सेलची यादी तो समोर ठेवतो, आणि आपण शांत प्रसंग बघून निवडायचं.

आणखी एक. दुपदरी डिस्कची आयएसओ इमेज बनवताना इमगबर्न तिच्यासोबत एमडीएस नावाची छोटी फाइल करतो, तिच्यात वळणाची जागा नोंदलेली असते. बर्न करताना आयएसओ न निवडता ती एमडीएस निवडा. इमेज कुणाला द्यायची तर दोन्ही फाइली द्या.

दुसरी चूक: लिहितानाची

ही बर्न चालू असताना, बहुतेक वेळा पन्नास टक्क्यांच्या आसपास येते, किंवा बर्ननंतरच्या तपासणीत सापडते. इथे आखणी बरोबर आहे, लेसरला वळण झेपलेलं नाही. अशा वेळी प्रोग्रामच्या लॉगमध्ये बघा: चूक कोणत्या सेक्टरवर आली आणि वळण कोणत्या सेक्टरवर होतं? दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील, तर थर बदलताना घोटाळा झाला. चूक वळणाच्या बरीच आधी सुरू झाली असेल, तर डिस्कच्या बाहेरच्या कडेचा दर्जा वाईट असण्याची शक्यता जास्त.

क्रमाने करायच्या गोष्टी अशा. डिस्क चांगल्या प्रतीची घ्या. दुपदरीत स्वस्त आणि चांगली यातला फरक साध्या डिस्कपेक्षा फार मोठा असतो. रायटरचं फर्मवेअर नवीन करा, कारण कोणत्या डिस्कवर किती ताकदीने लिहायचं याची माहिती त्यात असते. वेग मधला ठेवा, ८ एक्सच्या डिस्कला ४ एक्स. अगदी कमी वेग म्हणजे सर्वांत चांगला, असं नाही. आणि वळण खिडकीच्या सुरुवातीजवळ, म्हणजे निम्म्याच्या जवळ ठेवा. ३६ लाखांच्या उदाहरणात १८ लाखांच्या पुढचा पहिला योग्य सेल घेतलात, तर लेसरला अगदी कडेपर्यंत जावंच लागत नाही.

तिसरी चूक: वाचतानाची

बर्न बरोबर, तपासणी बरोबर, कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालते, आणि टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर मधेच अडते. आधी एक साधी परीक्षा करा: तीच डिस्क आणखी एखाद-दोन प्लेअरवर लावा. सगळीकडे त्याच जागी अडली तर ही तिसरी चूक नव्हेच. परत पहिल्या चुकीकडे जा, वळण चुकीच्या जागी आहे. एकाच प्लेअरवर अडत असेल तर दोष त्या प्लेअरचा.

कारण असं. एकपदरी डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत फेकते. कारखान्यात छापलेली दुपदरी फक्त १८ ते ३०, आणि घरी लिहिलेली त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. लेन्सवर धूळ बसली असेल तर तेवढाही उजेड पुरत नाही. म्हणून आधी लेन्स साफ करा. दुसरं, या लिहिता येणाऱ्या दुपदरी डिस्क बाजारात आल्या २००४ मध्ये. त्याआधीच्या प्लेअरला हा प्रकार माहीतच नसतो. डिस्कवर तिच्या प्रकाराची नोंद असते, तिला बुकटाइप म्हणतात. बऱ्याच रायटरमध्ये ती बर्नच्या आधी "डीव्हीडी रॉम" अशी ठेवता येते, म्हणजे जुना प्लेअर तिला कारखान्यातली डिस्क समजतो. डीव्हीडी मायनस आर डीएलवर ही सोय नाही. म्हणून मी प्लस घ्या म्हणतो.

आणि हो, वळणाच्या जागी अर्धा-पाऊण सेकंद चित्र थांबून पुढे गेलं तर ती चूक नाही. विकत आणलेल्या सिनेमाच्या डिस्कही तशाच थांबतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: अडणारी डिस्क तयार झालीच आहे आणि मूळ फाइल पुसली आहे. काही करता येईल?*

येईल. डिस्क कॉम्प्युटरवर पूर्ण वाचली जात असेल तर चित्रण शाबूत आहे, फक्त वळण चुकलंय. सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, सेल वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये वळण नव्याने ठरवा आणि दुसरी डिस्क लिहा. वाचतानाच चुका येत असतील तर दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करा; एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा कधी कधी वाचतो. आणि हे काम आजच करा, लिहिलेल्या डिस्क वर्षं जातील तशा सुधारत नाहीत.

*प्रश्न: मग दुपदरी डिस्क वापरावी की नाही?*

चित्रण एकच असेल, पुन्हा मिळणार नसेल, आणि मधे नैसर्गिक थांबा असेल, तर मी दोन साध्या डिस्क सुचवीन. पहिला अंक एकीवर, दुसरा दुसरीवर. उठून डिस्क बदलावी लागते एवढाच त्रास, वळणाचा प्रश्नच उरत नाही. दुपदरी वापरायचीच असेल तर काठोकाठ भरू नका, तपासणी टाळू नका, आणि निदान दोन प्लेअरवर मध्याचा भाग स्वतः डोळ्यांनी बघा. तोवर मूळ कॅसेट आणि फाइल, दोन्ही जपून ठेवा.