दाबेलीच्या गावात, जहाजांच्या काठावर

पुणे असो, नाशिक असो की ठाणे, कॉलेजच्या कोपऱ्यावर एक गाडी हमखास उभी असते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘कच्छी दाबेली’. आपण ती वर्षानुवर्षं खात आलो. पण कच्छात नेमकी कुठली, असा प्रश्न कधी कुणी त्या गाडीवाल्याला विचारल्याचं ऐकलं नाही. मांडवीची! कच्छच्या आखाताच्या तोंडाशी, रुक्मावती नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं हे जुनं बंदर. गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तिथे तीन दिवस राहून आलो.

सहकुटुंब म्हणजे पाच माणसं आणि पाच कारणं. मला खायचं होतं. दोन्ही मुलांना समुद्र आणि उंट हवे होते. आईला श्यामजी कृष्ण वर्मांचं जन्मगाव पाहायचं होतं. आणि सौ. मूळची मालवणची. ‘बंदर आहे ना, मग ताजी सुरमई मिळेलच,’ एवढ्या आशेवर ती निघाली होती.

मुंबईहून भुजला जाणाऱ्या गाड्या संध्याकाळी-रात्री सुटतात आणि दुसऱ्या दिवशी पोचवतात. भुजहून मांडवी साठेक किलोमीटर. एसटी बस आहे, टॅक्सी आहे. रस्ता सपाट आणि चांगला. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांतच. दिवसा ऊन सोसवतं आणि रात्री अंगावर शाल घ्यावीशी वाटते. उन्हाळ्यात तिथे काय होत असेल याची कल्पना डिसेंबरच्या दुपारीही येते.

‘मांडवी’ म्हणजे जकात वसूल करायची जागा. मुंबईत मशीद बंदराजवळची मांडवी आहे, तिचंही नाव तसंच पडलेलं. कच्छचे राव पहिले खेंगारजी यांनी १५८० च्या सुमारास हे बंदर वसवलं. भोवती तट होता, त्याचे थोडेच अवशेष आता उरले आहेत. इथून मस्कत, झांझिबार, पूर्व आफ्रिकेचा किनारा असा व्यापार चाले. कापूस आणि कापड जायचं, हस्तिदंत आणि खजूर यायचा. वास्को द गामाला १४९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कालिकतपर्यंत वाट दाखवणारा कानजी मालम हा कच्छीच होता, असं मांडवीत छातीठोकपणे सांगतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही, पण मांडवीकरांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘मालम’ म्हणजे ताऱ्यांवरून वाट काढणारा नाविक. हा शब्द इथे अजून आडनावासारखा भेटतो.

आणि गंमत म्हणजे दाबेलीपाशीही तोच भेटतो. १९६० च्या दशकात मांडवीच्या केशवजी गाभा चुडासमा यांनी बटाट्याची मसालेदार भाजी पावात दाबून विकायला सुरुवात केली. गाव त्यांना केशा मालम म्हणे. पुढे हा पदार्थ कच्छभर आणि मग मुंबईमार्गे आपल्या गल्लीपर्यंत आला. कच्छात त्याला ‘डबल रोटी’ही म्हणतात. त्यामुळे दाबेलीची गाडी शोधताना कुणी डबल रोटीचं दुकान दाखवलं तर चुकलो असं समजू नका.

आपल्याकडच्या दाबेलीपेक्षा ही वेगळी लागते का? लागते. आपल्याकडे पाव लोण्यात खरपूस भाजण्यावर भर असतो. वर शेवेचा डोंगर आणि अलीकडे तर चीजही. मांडवीत सगळी मदार मसाल्यावर. दालचिनी, लवंग, धणे, सुकी मिरची यांचा तो गडद मसाला बटाट्यात मुरलेला असतो. चिंच-खजुराची गोड चटणी, लसणाची झणझणीत चटणी, मसाल्याचे शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे. पहिला घास गोड, दुसरा तिखट, तिसऱ्याला शेंगदाणा दाताखाली. धाकट्यानं तीन खाल्ल्या आणि चौथीला आईनं डोळे वटारले. माझं मत विचाराल तर चीजवाली दाबेली कुणी खाऊच नये.

जेवणाचं म्हणाल तर बाजारात आणि एसटी स्टँडच्या आसपास साध्या खानावळी आहेत. तिथे गुजराती थाळीपेक्षा काठियावाडी-कच्छी जेवण मागा. बाजरीचा जाड रोटला, त्यावर लोण्याचा गोळा, भाजलेल्या वांग्याचा ओळो (आपल्या भरताचाच भाऊ), लसणाची चटणी, गूळ आणि शेवटी खिचडी-कढी. गुजराती जेवण गोड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा खाऊन पाहावं. बाजरी आणि लसूण म्हटल्यावर आपल्या घाटावरच्या माणसाला ते परकं वाटतच नाही. थंडीत मिठाईच्या दुकानांत उडदाचा, तुपाने ओथंबलेला अडदिया मिळतो. त्याचं एक खोकं घरी न्यावं. उन्हाळा सरता सरता गेलात तर ताजी, पिवळी-लाल खारीक मिळते. मांडवी-मुंद्रा पट्ट्यातल्या बागांतली ही फळं खुडून तशीच कचाकचा खातात.

सुरमईचं मात्र काही खरं नाही. मासेमारी भरपूर चालते, बंदरावर होड्या लागतात, पण गावातल्या बहुतेक खानावळी शाकाहारी. सौ.नं दोन दिवस चौकशी केली आणि मग मुकाट्यानं ओळो वाढून घेतला. ‘प्यायला काय?’ असं विचारणाऱ्या मित्रमंडळींसाठी सांगतो : १९६० पासून गुजरातेत दारूबंदी आहे. इथे प्यायची ती छास, म्हणजे जिरं घातलेलं थंडगार ताक, आणि दुधाळ चहा. चहा बशीत ओतून पिणाऱ्यांकडे इथे कुणी वळूनही पाहत नाही. आईला हे गाव पहिल्याच दिवशी आवडलं, त्यात या बशीचा वाटा मोठा.

समुद्रकिनाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. पवनचक्क्यांच्या बाजूचा किनारा रुंद, वाळूचा आणि उथळ आहे. देशातल्या पवनऊर्जेच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक १९८६ मध्ये इथेच झाला. उंट, घोडे, मक्याची कणसं, प्लॅस्टिकचे फुगे, सगळं आहे. सुट्टीच्या दिवशी जुहू चौपाटीची आठवण यावी इतकी गर्दी. मुलं खूश झाली. आम्ही दोघं तासाभरात कंटाळलो.

विजयविलास पॅलेससाठी अर्धा दिवस ठेवा. गावापासून सातआठ किलोमीटरवर, झाडीत. तिसरे महाराव खेंगारजी यांनी युवराज विजयराजजींसाठी तो बांधून घेतला. १९२० मध्ये काम सुरू झालं, १९२९ मध्ये पुरं झालं. तांबूस दगड, नाजूक जाळ्या, घुमट, रंगीत काचा. गच्चीवरून एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला समुद्राची रेघ दिसते. ‘हम दिल दे चुके सनम’मधला वाडा हाच, हे थोरल्या मुलीनं आम्हाला आत शिरताच सांगितलं. तिकीट काढताना कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का ते विचारून घ्या.

आईचं स्मारक मात्र तिच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं. श्यामजी कृष्ण वर्मांचा जन्म ४ ऑक्टोबर १८५७ चा, मांडवीतला, गरीब घरातला. मुंबईत शिकले, संस्कृतच्या बळावर ऑक्सफर्डला गेले आणि १९०५ मध्ये लंडनला हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाउस’ उघडलं. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजींनी ठेवलेल्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीला नाव होतं शिवाजी महाराजांचं. श्यामजी १९३० मध्ये जिनिव्हात वारले. त्यांच्या आणि भानुमतीबाईंच्या अस्थी तिथेच जपून ठेवल्या होत्या, त्या २००३ मध्ये भारतात आल्या. २०१० मध्ये गावाबाहेर ‘क्रांतितीर्थ’ उभं राहिलं. उघड्या माळावर लंडनच्या त्या लाल विटांच्या घराची हुबेहूब प्रतिकृती! आई अस्थिकलशांसमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘इतकी वर्षं परक्या मुलखात कुणाची तरी वाट बघत होते रे दोघं.’

आता ज्यासाठी मांडवीला जायलाच हवं, ते सांगतो. आणि हे कुठल्याही तिकिटाच्या खिडकीवर मिळत नाही.

गावातल्या पुलावर उभे राहा आणि रुक्मावतीच्या पात्राकडे पाहा. चिखलात, टेकूंवर तोललेले, तीनमजली घराएवढे लाकडी सांगाडे उभे असतात. ही जहाजं इथे हातानं बांधतात, जवळजवळ चारशे वर्षांपासून. इथे जहाजाला म्हणतात ‘वहाण’. ते ऐकून धाकटा पायातल्या चपलेकडे बघून खुदकन हसला.

आम्ही काठावर उतरलो. कुणी अडवलं नाही. फक्त टेकूंच्या आत जाऊ नका, एवढं एका मिस्त्रींनी बजावलं. आधी तळाचा लांबलचक कणा टाकतात. त्यावर बरगड्या चढतात, त्या बाभळीच्या. बाभळीच्या फांद्या मुळातच वाकड्या, म्हणून हव्या त्या वळणाचा तुकडा निवडून घेता येतो. बाहेरच्या फळ्या सालाच्या. ते लाकूड आता मलेशियाहून येतं. फळ्या लांब लोखंडी खिळ्यांनी ठोकायच्या आणि फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस छिन्नीनं गच्च भरायचा. हे सगळं बहुतांशी नजरेच्या अंदाजानं चालतं. बापाकडून मुलाकडे आलेली मापं डोक्यात असतात. एक जहाज पुरं व्हायला दोन वर्षं सहज लागतात, पैसा अडला तर जास्तही. मग मोठ्या भरतीची तिथी साधून ते पाण्यात ढकलायचं.

पूर्वी शिडावर चालायची, आता इंजिन असतं. माल नेतात ते दुबई, येमेन, सोमालियाच्या बाजूला. जिथे अवाढव्य कंटेनर जहाजं लागत नाहीत किंवा जायला धजत नाहीत अशा लहान बंदरांत. तांदूळ, साखर, जुन्या गाड्या, जनावरं, काय मिळेल ते. हा धंदा जिवावरचा. २०१७ च्या एप्रिलमध्ये दुबईहून सोमालियाकडे निघालेलं मांडवीच्या खलाशांचं एक जहाज चाच्यांनी पळवलं. अकराही खलाशी नंतर सुटले, पण ते दिवस त्यांच्या घरांत कसे गेले असतील! २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ जखाऊजवळ धडकलं, तेव्हा या किनाऱ्यावरही दाणादाण उडाली. आणि शेजारी मुंद्र्याला १९९८ पासून प्रचंड आधुनिक बंदर चालू आहे. तिथे एका दिवसात जेवढा माल हलतो त्यापुढे ही लाकडी जहाजं म्हणजे हातगाड्याच. लाकूड महागलं आहे आणि मिस्त्रींची मुलं नोकऱ्या शोधताहेत.

तरी पावसाळ्याच्या तोंडावर आषाढी बीज येते, ती कच्छी माणसाची नववर्षाची सुरुवात. पावसाळ्यात जहाजं बंदरात विसावतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा निघायची तयारी होते. ‘हे आमच्यासारखंच,’ सौ. म्हणाली.

आम्हा सर्वांत तीच तिथे सर्वांत जास्त वेळ थांबली. तिच्या आजोबांचा मालवणला मचवा होता, असं लग्नानंतर कधीतरी तिनं सांगितलं होतं. तो तिनं पाहिलेला नाही, तिच्या जन्माआधीच मोडीत निघाला. अर्धवट फळ्या ठोकलेल्या एका जहाजापाशी ती गेली, तळहात लाकडावर ठेवला आणि वास घेतला. ताजं लाकूड आणि तेल. मिस्त्रींनी विचारलं, कुठून आलात? तिनं सांगितलं. मालवणचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांचे वडील कधीकाळी शिडाच्या जहाजातून त्या किनाऱ्यानं गेले होते म्हणे. मग दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत राहिले आणि आम्ही बाकीचे चहा मागवून बाजूला बसलो.

धाकट्यानं जाताना विचारलं, हे पाण्यात कधी सोडणार? अजून सव्वा-दीड वर्ष, असं उत्तर आलं. त्यानं लगेच बोटांवर हिशेब करून आपण तेव्हा सातवीत असू असं जाहीर केलं.

भुजला गाडीत बसल्यावर सौ.नं मालवणला भावाला फोन लावला. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत आजोबांच्या मचव्याचा एखादा फोटो आहे का, हे तिला विचारायचं होतं.