खणांचें कपाट व घरांतील मुलें

सुटे भाग आणून घरींच जोडावयाचीं खणांचीं कपाटें हल्लीं सातारा-सांगलीकडील घरांतहि येऊं लागलीं आहेत. जोडणी अवघड नसते. परंतु तिची शेवटची पायरी, म्हणजे कपाट भिंतीस जखडणें, पुष्कळदां राहून जाते. आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची होय.

उघडे खण म्हणजे लहान मुलास आयता जिना. तें वर चढलें कीं भार पुढें झुकतो व कपाट त्याच्यावर कोसळतें. अशा अपघातांत मुलें दगावल्यामुळें आयकिया या स्वीडिश कंपनीनें २०१६ सालीं अमेरिकेंत सुमारें २ कोटी ९० लक्ष कपाटें परत मागविलीं. घरांत दहा माणसें असलीं, तरी मूल प्रत्येक क्षणीं कोणाच्या तरी नजरेसमोर असतेंच असें नाहीं.

सांगाडा सपाट जमिनीवर दोघांनीं मिळून उभारावा. दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजेच पाठीची फळी ठोकावी. भुशाच्या दाबीव फळींत स्क्रू हातानेंच, बेतानें आवळावा. अति आवळल्यास पकड जाते.

विटेच्या भिंतींत भोंक पाडून प्लग ठोकावा. तत्पूर्वीं आंत विजेची तार नाहीं ना, हें पाहावें. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतींत मात्र स्क्रू धरत नाहीं. तेथें कपाटाची पट्टी लाकडी खांबास जखडावी. सांगलीस २०१९ व २०२१ सालीं कृष्णेचें पाणी घरांत शिरलें. तशा पाण्यांत फुगलेल्या फळींत स्क्रू टिकत नाहीं, म्हणून तें कपाट पुन्हां वापरूं नये.

जड वस्तू खालच्या खणांत ठेवाव्या. कपडे भरण्यापूर्वीं घरच्या कर्त्या माणसानें कपाट पुढें ओढून तें हलत नाहीं, याची स्वतः खात्री करावी, एवढेंच आमचें सांगणें.