संगीत सभेचं पार्किंग: आखणी भैरवीपासून करा

पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तो बरीच वर्षं शनिवार पेठेतल्या रमणबागेत भरायचा, २०१८पासून मुकुंदनगरच्या क्रीडा संकुलात भरू लागला. आपल्या गावची संगीत सभा एवढी मोठी नसेल, पण चार-पाचशे गाड्या एका संध्याकाळी आल्या तर गावचा चौक बंद पडायला तेवढ्या पुरतात. यंदा आपल्याकडे पार्किंगचं काम आलं असेल, तर ते असं करता येईल.

आधी अंदाज बांधा. समजा, १२०० रसिक येणार. त्यातले ६०० दुचाकीवर आले, काही एकटे, काही जोडीनं, तर ४०० दुचाक्या. मोटारीनं ३०० आले, गाडीमागे तिघं, म्हणजे १०० मोटारी. उरलेले चालत, रिक्षानं किंवा एसटीनं येतील.

आता जागा. मधली वाट धरून एका गुंठ्यात साधारण चार मोटारी किंवा तीस दुचाक्या बसतात. वरच्या हिशेबाला ३८-३९ गुंठे, म्हणजे जवळजवळ एक एकर लागेल. शाळेचं पटांगण, बाजार समितीचं आवार, कापणी झालेलं शेत, काहीही चालेल. मालकाची परवानगी मात्र लेखी घ्या. मांडवापासून दहा मिनिटांत चालत पोचता यावं. जागा एकदा रात्री जाऊन बघाच. दिवसा सपाट दिसलेल्या मैदानातला खड्डा अंधारात पायाला लागतो. अवकाळी पावसाची शक्यता असेल तर प्रवेशाच्या वाटेवर आधीच मुरूम टाकून ठेवा.

वाहतूक पोलिसांकडे अर्ज लवकर द्या. रस्ता एकेरी करायचा किंवा एखाद्या गल्लीत गाड्या लावायला मनाई करायची, तर तो अधिकार आपला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तसा अधिकृत आदेश निघावा लागतो. आदेश निघाला की त्या गल्लीतल्या घरोघरी जाऊन सांगा. फलकावरचा कागद फार जण वाचत नाहीत.

आदल्या दिवशी मैदानावर फक्की मारा. एका मोटारीला आठ फूट रुंद, सोळा फूट लांब जागा आणि दोन ओळींमध्ये वीस फुटांची वाट. ही वाट सगळ्या बाजूंनी मोकळी राहिली पाहिजे, कारण रुग्णवाहिका किंवा अग्निशमन बंब आला तर तो इथूनच जाणार.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गर्दी वाढली की स्वयंसेवक 'जरा पुढे घ्या, अजून एक बसेल' म्हणत दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ लावतात. मैदान भरल्याचं समाधान मिळतं, पण आतल्या गाड्या अडकतात. मोटारी मागे घेऊन, तोंड वाटेकडे करून लावायला सांगा. येताना अर्धं मिनिट जास्त जाईल, जाताना गाडी सरळ बाहेर पडेल.

पावतीचे पैसे फाटकावर घेऊ नका. एका मोटारीला वीस सेकंद धरले तरी शंभर मोटारींना तेहतीस मिनिटं लागतात, आणि ती रांग चौकापर्यंत जाते. गाडी लागल्यावर आत पैसे घ्या, नाहीतर ते प्रवेशिकेतच धरा.

आता जाण्याची वेळ. ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावरची सभा खास परवानगी नसेल तर रात्री दहाला थांबते. आले ते दोन तासांत हळूहळू आले; निघणार मात्र दहा मिनिटांत. आमच्या गावी एका वर्षी भैरवी ऐकायला सगळे स्वयंसेवक मांडवात गेले होते. गवय्यांची गाडी तानपुरे मागच्या सीटवर आडवे ठेवून तयार होती आणि तिच्यासमोर सत्तर दुचाक्या लागलेल्या. पुढच्या गावी पोचायची त्यांची घाई होती. आम्ही एकेक गाडी उचलून बाजूला करत होतो. त्यांना निघायला पाऊण तास लागला, आणि त्या माणसांची माफी मागताना वाटलेली शरम मला अजून आठवते.

म्हणून कलाकारांची गाडी मांडवामागे, वेगळ्या वाटेनं. मैदानाला येण्याचं आणि जाण्याचं फाटक वेगळं ठेवा. एकच असेल तर पावणेदहापासून ते फक्त बाहेर जाणाऱ्यांसाठी. आणि चार जणांना आधीच सांगा की शेवटचं गाणं त्यांना मैदानातूनच ऐकायचं आहे. त्यांच्यासाठी तिथे एक छोटा कर्णा लावून द्या.