स्पिटफायरचे दप्तर

बखरीवर विसंबण्यापूर्वी अस्सल कागद पाहावा, ही जी शिस्त इतिहासाचार्य राजवाड्यांनी महाराष्ट्राला लावली आणि जिच्यापायी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ती एखाद्या लढाऊ विमानालाही लावता येईल असे म्हटले तर कोणास ते विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धातील यंत्रांनाही बखरी आहेत. वैमानिकांच्या आठवणी आणि कारखान्यांची गौरवपर पुस्तके ह्या त्या बखरीच होत. तसेच त्यांना दप्तरही आहे. इंग्लंडातील सुपरमरीन कंपनीच्या स्पिटफायर विमानाचे दप्तर म्हणजे तिच्या ड्रॉइंग ऑफिसातून निघालेले अभियांत्रिकी नकाशे, आणि त्यांच्या सूक्ष्मपटांचा संग्रह लंडनमधील हेंडन येथे रॉयल एअर फोर्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

बखरीतील कथा सरळ आहे. रेजिनाल्ड मिचेल याने विमान कल्पिले, ५ मार्च १९३६ रोजी त्याचा पहिला नमुना उडाला, पुढे मार्क एक, दोन, पाच, नऊ, चौदा अशी वंशावळ चालत ती मार्क चोवीसपाशी संपली, आणि एकूण वीस हजारांवर विमाने तयार झाली. यात खोटे काही नाही. पण मार्क हा हवाई दलाने दिलेला किताब होय, आणि किताबावरून कुळाचा पत्ता लागत नाही. कुळाचा पत्ता लागतो तो नकाशावरील क्रमांकावरून. त्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे विमानाच्या ज्या प्रकारासाठी तो भाग प्रथम रेखाटला गेला त्याचे असत. ३०० म्हणजे मूळचे विमान, ३४९ म्हणजे मार्क पाचचा एक पोटभेद, ३६१ म्हणजे मार्क नऊ. एखादा भाग पुढील विमानात जसाच्या तसा गेला, तर सासरी गेलेल्या मुलीने माहेरचे नाव राखावे तसा तो आपला जुना क्रमांक राखून जातो.

या दृष्टीने मार्क नऊचे कागद चाळणे मोठे उद्बोधक आहे. १९४१ च्या उत्तरार्धात जर्मनांचे फोक-वुल्फ १९० हे विमान समोर आले आणि मार्क पाच त्याच्यापुढे उघड उघड फिके पडू लागले. यावरचा रीतसर इलाज म्हणजे सांगाडा नव्याने बांधलेला मार्क आठ. पण त्याला अवधी हवा होता, म्हणून दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचे मर्लिन ६१ इंजिन मार्क पाचच्याच देहात बसवून वेळ मारून नेण्यात आली. हंगामी म्हणून नेमलेला हा कारकून पुढे कायम झाला, आणि या जातीची पाच हजारांवर विमाने बनली. मागील अंग आणि पंखाचा बराचसा भाग जुन्याच क्रमांकांवर चालत असता ३६१ चे नवे कागद नाकाडाभोवती व शीतकांभोवती दाटलेले असावेत, हे ओघानेच आले. आरंभीच्या स्पिटफायरच्या उजव्या पंखाखाली पाण्याचे जाड शीतक व डाव्या पंखाखाली तेलाचे बारीक शीतक असल्यामुळे विमान खालून पाहता विषम दिसे. नव्या इंजिनात दाबलेली हवाही थंड करावी लागे, त्यासाठी आणखी एक शीतक आले, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या. या समतोलाचे श्रेय सौंदर्यदृष्टीला देण्याचे कारण नाही. ती निव्वळ उष्णतेची मागणी होती.

जे बदलले नाही तेही पाहावे. पंखाच्या मुख्य तुळईच्या वरच्या व खालच्या दांड्या पाच चौकोनी नळ्या एकीत एक बसवून केलेल्या होत्या. पंखाच्या टोकाकडे भार जसा घटत जातो तशी एकेक नळी आखूड ठेवून तेथील धातू कमी केलेला असे. हिशेबी माणसाच्या वहीप्रमाणे जेथे जेवढे देणे तेथे तेवढीच रक्कम.

मिचेल १९३७ च्या जूनमध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी वारला. त्यानंतर विमानाची सर्व वाढ ज्याच्या देखरेखीखाली झाली तो जोसेफ स्मिथ मूळचा ड्रॉइंग ऑफिसचा मुख्य आरेखक होता. बखरींनी त्याच्यावर अन्याय केला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. १९४० च्या सप्टेंबरात वूल्स्टनचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाल्यावर आरेखकांचा फड हर्स्ली पार्क येथील वाड्यात हलला आणि उत्पादन मोटारींच्या गॅरेजांत, बसच्या डेपोंत, धुलाईखान्यांतसुद्धा विखुरले. ज्या कारागिराने पूर्वी विमानाला हात लावला नव्हता त्याच्याही हाती हा कागद पडणार होता. तो निःसंदिग्ध असणे ही आता केवळ टापटिपीची बाब राहिली नव्हती.

अर्थात दप्तरही सर्वज्ञ नसते. विमान झटकन खाली झुकवताच मर्लिन इंजिन अडखळे, त्यावर बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी बारीक छिद्राची एक चकती योजली. पण त्या फार्नबरोच्या सरकारी संस्थेतील, आणि १९४१ साली विमानतळोविमानतळी जाऊन ती चकती बसवली गेली. विमानाचा एवढा मोठा दोष दूर करणारी ही वस्तू सुपरमरीनच्या टेबलावर जन्मलीच नाही.



ज्या विमानापासून हे सारे निघाले तो पहिला नमुना, के ५०५४, आज पाहावयास मिळत नाही. युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, फार्नबरो येथे उतरताना तो उलटला. त्याचा वैमानिक दगावला, आणि विमान पुन्हा दुरुस्त करण्यात आले नाही.