ऋतू बदलला की रस्ता बदलतो

मंडळी, ऋतूप्रमाणे वाट कशी बदलते हे घोडेगावात सांगायला नको. काळ्या रानातल्या ज्या गाडीवाटेवरून उन्हाळ्यात मोटारसायकल धुरळा उडवत जाते, तिथेच दोन पाऊस झाले की चाक रुततं. हीच गोष्ट आज आपण एका व्हिडिओ गेममध्ये बघू.

प्लेग्राउंड गेम्सचा ‘फोर्झा होरायझन ४’ २०१८ साली आला. त्यात ब्रिटनचा मोकळा मुलूख आहे. हवं तिकडे गाडी न्या. पण दर गुरुवारी ऋतू बदलतो, आणि ऑनलाइन खेळणाऱ्या सगळ्यांसाठी एकदमच. हा नुसता रंगबदल नाही. बदलते ती चाकाची जमिनीवरची पकड. उन्हाळ्यात रस्ते कोरडे, पकड चांगली. शरदात पानगळ आणि ओल. हिवाळ्यात बर्फ, मग टायर बदलायचे, ब्रेक आधीच दाबायचा. तळं गोठतं, आणि गाडी थेट त्यातल्या बेटावर जाते! वसंतात चिखल. म्हणजे पाठ झालेलं वळण पुढच्या आठवड्यात पुन्हा शिकायचं. गेल्या आठवड्यात जिंकून देणारी वेगवान गाडी या आठवड्यात घसरते.

२०२१ च्या पाचव्या भागात मेक्सिको आहे. तिथले पावसाळी आणि कोरडे दिवस आपल्याला जास्त ओळखीचे वाटतील.

फरक एकच. गेममध्ये घसरलो तर बटण दाबून मागे जाता येतं. आपल्या नगर–संभाजीनगर रस्त्यावर पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून निसरडं होतं, तिथे असं बटण नाही. तिथे वेग आधीच कमी करायचा.